लकव्याच्या रुग्णाची मिनिटं कुठे सांडतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या धंतोलीत ८० खाटांचं रुग्णालय, सीटी स्कॅन तळघरात, न्यूरोलॉजिस्ट पूर्णवेळ नाहीत पण फोनवर मिळतात. स्ट्रोकचा, म्हणजे लकव्याचा, रुग्ण दारात आल्यापासून मेंदूच्या नसेतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन शिरेत जाईपर्यंत सरासरी १०५ मिनिटं लागतात. व्यवस्थापनाचं म्हणणं, जुनं सीटी मशीन बदलू, नाहीतर एखादं ॲप घेऊ. तुम्ही तिथले आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आणि विचारताय की या दोन्हींतलं आधी काय घ्यायला सांगू?

दोन्ही नको. निदान आत्ता नको. एक वही घ्या आणि पुढचे दहा स्ट्रोकचे रुग्ण येतील तेव्हा दारापासून इंजेक्शनपर्यंत त्यांच्या ट्रॉलीबरोबर चालत जा. नागपुरात कॅज्युअल्टीत माझी बावीस वर्षं गेली. हा उद्योग मी पहिल्यांदा केला तेव्हा माझं मलाच तोंड लपवावंसं वाटलं होतं.

ती पहिली नोंद अजून जपून ठेवली आहे. मे महिना. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. साठीचे गृहस्थ, उजवा हात-पाय गेलेला, बोलणं बंद. ६:१४ ला ट्रॉली दारात. आरएमओ कोपऱ्यात एका पोराच्या कपाळाला टाके घालत होता, तो ६:२३ ला आला. ६:३१ ला न्यूरोलॉजिस्टना फोन. ते गाडी चालवत होते, ‘सीटी करा, मग सांगा’ म्हणाले. ६:३३ ला सीटीची चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन मुलगा बिलिंगच्या खिडकीपाशी. त्याच्यापुढे डिस्चार्जचं बिल भरणारे दोघे. पावती हातात आली ६:४८ ला. ट्रॉली लिफ्टपाशी. संध्याकाळची भेटीची वेळ, लिफ्ट वरूनच डबे-पिशव्यावाल्यांनी भरून यायची, दोनदा सोडून द्यावी लागली. तळघरात पोहोचलो ६:५७ ला, तर टेबलावर कोणाच्या तरी पोटाचा स्कॅन चालू. ७:०४ ला आपला रुग्ण टेबलावर, ७:०७ ला स्कॅन पूर्ण. रिपोर्ट टाइप होऊन आला ७:२१ ला. न्यूरोलॉजिस्ट ७:२६ ला ‘द्या’ म्हणाले. मुलाने पुण्याच्या भावाला फोन लावला, भावाने त्याच्या ओळखीच्या डॉक्टरला. होकार आला ७:४३ ला. मग तोच मुलगा औषधाची चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमध्ये. तिथे ५० मिलिग्रॅमची व्हायल (औषधाची बाटली) होती, २० ची नव्हती. ती पलीकडच्या दुकानातून. औषध ७:५८ ला, बोलस (म्हणजे इंजेक्शनचा पहिला डोस) ८:०६ ला.

एकशे बारा मिनिटं. त्यातली प्रत्यक्ष कामाची मिनिटं मी लाल पेनाने वेगळी काढली: तपासणी, सलाईनची सुई, स्कॅन, तो बघणं, औषध कालवणं. सगळी मिळून २१ भरली. उरलेली ९१ मिनिटं तो माणूस कोणाची ना कोणाची वाट बघत पडून होता. स्कॅनला लागली फक्त तीन. नवं मशीन आणलं तर या तीनातलं एखादं वाचेल.

एका मिनिटात सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात हा २००६ सालचा हिशेब तुम्ही ऐकला असेल. भाषणात तो बरा वाटतो. कॅज्युअल्टीत त्याने कोणी जोरात धावल्याचं मी पाहिलेलं नाही. मी माझ्या पोरांना दुसरा हिशेब सांगतो. लकवा झाल्यापासून पहिल्या तीन तासांत इंजेक्शन गेलं तर दर दहा रुग्णांमागे जास्तीचा एक जण जवळजवळ धडधाकट होतो. तीन ते साडेचार तासांत गेलं तर तोच एक जण मिळवायला वीस जणांना द्यावं लागतं. औषध तेच, पैसे तेवढेच, रक्तस्रावाचा धोकाही साधारण तोच. फायदा मात्र निम्मा. रुग्ण आपल्या दारात येईपर्यंत बहुतेकदा दोन तास उलटलेले असतात, म्हणजे तुमच्या रुग्णालयातली १०५ मिनिटं त्याला पहिल्या गटातून उचलून दुसऱ्यात टाकतात.

तुमचा १०५ हा आकडा वाचून मला हसू आलं, कारण हेलसिंकीच्या विद्यापीठ रुग्णालयाची सुरुवात नेमकी इथूनच झाली होती. १९९८ मध्ये त्यांचा आकडा १०५ होता, २०११ मध्ये २०. त्यांनी बारा-एक बदल केले, एकेक करत, तेरा वर्षं. पुढे मेलबर्नच्या एका रुग्णालयाने त्यातले मोजके उचलले आणि चार महिन्यांत दिवसाच्या वेळेतला आकडा ४३ वरून २५ वर आणला. फिनलंडचं फिनलंडला, इथे कसं जमणार, असं तुमचे ट्रस्टी म्हणतील. त्यांना ती यादी वाचून दाखवा. ट्रॉली थेट सीटीवर न्या, औषध सीटीच्या टेबलापाशीच द्या, रक्ताच्या रिपोर्टसाठी अडून बसू नका, अँब्युलन्स निघाली की आधी फोन घ्या. यातल्या एकाही गोष्टीचं कोटेशन मागवावं लागत नाही.

आमच्याकडे बदल वॉचमनपासून सुरू झाला. ऑटोतून उतरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी तोच बघतो आणि ‘केसपेपर तिकडे काढा’ असं बोट दाखवून पहिली दहा मिनिटं तोच घालवतो. त्याचा काही दोष नाही, त्याला नोकरीवर घेताना तेवढंच सांगितलेलं असतं. आम्ही त्याला चार गोष्टी शिकवल्या: तोंड वाकडं, एका बाजूचा हात लुळा, बोबडं किंवा असंबद्ध बोलणं, अचानक तोल जाणं. आणि नातेवाईक काय बोलतात तेही. आपल्याकडे कोणी ‘स्ट्रोक झालाय’ म्हणत येत नाही. ‘बाबा बोलूनच नाही राहिले’, ‘मामाजींचा हात उचलून नाही राहिला’, ‘लकवा मारला वाटते’, असं म्हणतात. यातलं एक जरी कानावर पडलं तरी त्याने भिंतीवरची बेल दाबायची, ट्रॉली ओढायची, केसपेपरचं नाव काढायचं नाही. पहिल्या महिन्यात त्याने चार वेळा चुकीची बेल वाजवली. एकदा तर दाढ काढून आलेल्या बाईंसाठी; भुलीने त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. कोणी हसलं नाही, मी तशी ताकीदच दिली होती. पुढच्या महिन्यात त्याने अशी केस पकडली की आमच्या ज्युनिअरने ती ‘चक्कर’ म्हणून बाकावर बसवली असती.

बेल वाजली की एका नंबरवरून पाच फोन एकदम वाजले पाहिजेत: आरएमओ, सीटी टेक्निशियन, न्यूरोलॉजिस्ट, औषधाचा ट्रे सांभाळणारी सिस्टर आणि लिफ्टवाला मामा. हो, लिफ्टवाला. तो पुढे धावत जाऊन लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवतो, आतल्या पाहुण्यांना बाहेर काढतो. टेक्निशियनने टेबलावरचा चालू रुग्ण संपवायचा, नवा चढवायचा नाही. रात्री मशीन थंड पडलेलं असतं, तयार व्हायला काही मिनिटं घेतं. ती मिनिटं ट्रॉली वाटेत असतानाच जिरली पाहिजेत. न्यूरोलॉजिस्टना स्कॅन झाल्यावर नाही, स्कॅनच्या आधी कळलं पाहिजे. ‘सीटी करा, मग सांगा’ हे वाक्य आमच्याकडे बंद झालं. आता ते फोन चालू ठेवतात आणि स्कॅन होईपर्यंत नातेवाईकांशी तेच बोलतात.

कॅज्युअल्टीच्या खाटेवर रुग्णाला हलवूच नका. एकदा खाटेवर गेला की चादर, मॉनिटर, कॅथेटर, ईसीजी, भरतीचे कागद असा सगळा संसार त्याच्याभोवती उभा राहतो आणि तिथून त्याला कोणी उठवत नाही. आल्या ट्रॉलीवरच बोटातून साखर, रक्तदाब, एक चांगली जाड सुई, दोन मिनिटांत हात-पाय-चेहरा-भाषा, आणि चला. साखर मात्र चुकवायची नाही. एका पहाटे मधुमेहाचे एक काका डावी बाजू गेलेली म्हणून आले, साखर निघाली ३८. ग्लुकोजची पिचकारी पूर्ण व्हायच्या आत उठून बसले आणि चहा मागितला. ही एक तपासणी सोडली तर इंजेक्शनआधी रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टची वाट बघायची गरज नसते. रुग्ण रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, यकृताचा किंवा रक्ताचा आजार असेल, तरच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि प्लेटलेटसाठी थांबा. त्यासाठी घरून निघतानाच सांगायचं, गोळ्यांची पिशवी उचलून आणा. आपल्याकडे चिठ्ठी सापडत नाही, पण स्टीलच्या डब्यातली किंवा कॅरीबॅगमधली पाकिटं हमखास सापडतात.

आता पैशांचं. यावर सगळे गोल गोल बोलतात, म्हणून मी सरळ लिहितो. तुमच्या १०५ मिनिटांतली पंचवीस-तीस मिनिटं बिलिंगच्या खिडकीत आणि मेडिकलच्या काउंटरवर असणार. सीटीची पावती नंतर, इंजेक्शनचे पैसे नंतर, हे लेखी ठरवून घ्या. तोंडी नको, कारण रात्रीच्या क्लार्कला तोंडी आदेशाचा आधार नसतो. मालकांना भीती असते की औषध हजारोंच्या घरातलं, नातेवाईक निघून गेले तर? मी त्यांना एवढंच म्हटलं, एक वर्ष करून बघा, बुडालेले पैसे माझ्या मानधनातून कापा. वर्षभरात कापायची वेळ आली नाही. ज्याच्या बापाचा हात डोळ्यांदेखत हलायला लागतो तो पोरगा पैसे बुडवत नाही. निदान माझ्या पाहण्यात नाही.

औषधाचा ट्रे सीटीच्या खोलीतच ठेवा: ५० आणि २० दोन्ही व्हायल, रक्तदाब उतरवणारं लॅबेटालॉल, सिरिंज पंप आणि भिंतीवर वजनाचा तक्ता. गुठळी विरघळवणारं औषध म्हणजे अल्टेप्लेज, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. दहावा भाग मिनिटभरात, उरलेलं तासाभरात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५४, त्यातले ५.४ आधी आणि ४८.६ नंतर. रात्री दोन वाजता हे गणित कोणी डोक्यात करू नये. व्हायल खळखळ हलवायची नाही, फेस येतो आणि तो बसेपर्यंत ताटकळावं लागतं. हलक्या हाताने गोल फिरवायची. वजन नातेवाईकांना विचाराल तर दहा किलो इकडेतिकडे सांगतात. वजनाची ट्रॉली असली तर उत्तम. नसली तर सीटीच्या टेबलावर उचलणाऱ्या मामांना विचारा, त्यांचा अंदाज आपल्यापेक्षा बरा असतो.

त्याऐवजी टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध वापरत असाल तर काम आणखी सोपं, एकाच फटक्यात देऊन मोकळं. पण इथे एक खड्डा आहे. हेच औषध तुमच्या आयसीयूत हार्ट अटॅकसाठी ठेवलेलं असतं आणि तिथली मात्रा दुपटीहून जास्त असते. स्ट्रोकला किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५. साठ किलोला हार्टची मात्रा ३५ मिलिग्रॅम, मेंदूची १५. भारतात काही जण ०.२ धरतात, तुमचे न्यूरोलॉजिस्ट काय धरतात ते आजच लिहून घ्या, तक्ता वेगळ्या रंगाचा करा आणि हार्टच्या ट्रेमधून उसनं आणायची सवय मोडा.

रक्तदाब १८५/११० च्या वर असेल तर इंजेक्शन देता येत नाही, म्हणून लॅबेटालॉल ट्रॉलीवर असतानाच सुरू करा, सीटी होईपर्यंत दाब बसतो. याउलट जिभेखाली गोळी ठेवून दाब धाडकन पाडायचा उद्योग अजूनही चालतो. बाहेरून येणाऱ्या चारांतल्या एकाने तरी ती गोळी नाहीतर ॲस्पिरिन खाल्लेली असते. स्कॅनच्या आधी ॲस्पिरिन नाही. आपल्याकडे रक्तस्रावाचे स्ट्रोक युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त दिसतात आणि बाहेरून बघून गुठळी की रक्तस्राव हे कोणीही, अगदी तीस वर्षांचा अनुभवीसुद्धा, छातीठोक सांगू शकत नाही.

स्कॅन टेबलापाशी उभं राहून स्वतः बघायला शिका. इंजेक्शनच्या निर्णयासाठी मुख्य प्रश्न एकच: स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं, सांडलेलं रक्त आहे का? आठवडाभर रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसलात तर शिकाल. स्क्रीनवरून वरून खालपर्यंत सरकवतानाचा व्हिडिओ न्यूरोलॉजिस्टना पाठवा, एकटादुकटा फोटो नको. टाइप केलेला रिपोर्ट फाइलला लागतो, मेंदूला लागत नाही.

आता वेळेचा इतिहास. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यात वाईट चूक इथली आहे. आपण विचारतो, ‘कधी झालं?’ घरचे सांगतात त्यांना कधी दिसलं ते. विचारायचं असतं, ‘शेवटचं अगदी ठीक कोणी, कधी पाहिलं?’ एका सकाळी सव्वासातला एक आजोबा आले, सूनबाई म्हणाल्या, ‘सहाला उठवायला गेले तर मामाजी असे पडून.’ रात्री दहाला झोपले होते. मी दहा धरले, नऊ तास झाले, इंजेक्शन नाही, असं फाइलवर लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात भेटायला आली आणि सहज बोलली, ‘आजोबांनीच तर मला उठवलं होतं, नळ आले म्हणून. साडेपाचला.’ साडेपाचला ते चालत होते, बोलत होते, बादल्या लावत होते. साडेचार तासांच्या हिशेबाने दहा वाजेपर्यंत आमच्याकडे मुदत होती. आजोबा पुढे काठीवर आले, बोलणं परत आलंच नाही.

तेव्हापासून मी घड्याळ विचारतच नाही. नळ कधी आले, दूधवाल्याकडून दूध कोणी घेतलं, रात्री बाथरूमला कोणी उठवलं, सिरियल बघताना काही बोलले का, शेवटचा फोन कोणाला केला, हे विचारतो. मोबाइलमधली शेवटच्या कॉलची वेळ तर खोटं बोलत नाही. आणि ट्रॉलीबरोबर आलेल्या सगळ्यांना विचारतो, फक्त पुढे होऊन बोलणाऱ्या मोठ्या मुलाला नाही. तो बहुतेकदा दुकानात होता. घरात काय घडलं ते सून, नात आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींना माहीत असतं. खरोखरच झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तरी हात झटकू नका. एमआरआयवरून मेंदूची इजा ताजी आहे का हे ओळखून इंजेक्शन देता येतं, हे २०१८ पासून सिद्ध आहे. पण एमआरआय रात्री चालू असला तर.

संमतीत तुमची किती मिनिटं जातात ते वहीत दिसेलच. चूक नातेवाईकांची नसते, आपण त्यांना फार उशिरा सांगतो. स्कॅन झाल्यावर कागद पुढे करून ‘सही करा, धोका आहे’ म्हटलं की कोणीही पुण्याला फोन लावेल. मी ट्रॉलीबरोबर चालतानाच सुरुवात करतो: ‘बाबांच्या मेंदूची नस बंद झाली असावी. आत्ता फोटो काढतो. रक्तस्राव नसला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ. लवकर दिलं तर दहांमागे एक जण जास्तीचा बरा होतो. शंभरातल्या सहा-एक जणांना मेंदूत रक्तस्राव होतो, त्यात काही दगावतात. न दिलं तर जे आहे ते बहुतेक तसंच राहील. पुण्याच्या भाऊंना फोन लावायचा असेल तर आत्ता लावा, स्पीकरवर ठेवा, मी बोलतो.’ स्कॅन होईपर्यंत पुण्याचे भाऊही तयार असतात. माझे वडील असते तर काय केलं असतं, हे विचारतातच. खरं उत्तर द्या.

इंजेक्शन सुरू झालं म्हणजे संपलं नाही. मोठी नस बंद असेल तर विरघळवणाऱ्या औषधाने ती बऱ्याचदा उघडत नाही. मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढावी लागते. २०१५ मध्ये एकामागोमाग पाच चाचण्यांनी हे पक्कं केलं आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी मुदत २४ तासांपर्यंत वाढली. म्हणून त्याच टेबलावर, त्याच वेळी मानेच्या आणि मेंदूच्या नसांचा अँजिओ स्कॅनही करून घ्या, क्रिएटिनिनसाठी (मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी) थांबू नका. गुठळी ओढून काढायची सोय तुमच्याकडे नाही. तर मग नागपुरात रात्री कोणाची कॅथलॅब (तार घालायची खोली) आणि कोणता डॉक्टर खरंच हजर असतो हे आज दुपारी फोन करून ठरवा, रात्री तीनला नाही. पाठवायचा रुग्ण असला तर इंजेक्शन चालू ठेवूनच पाठवा. ‘फरक पडतो का बघू’ म्हणून तासभर ठेवून घेणं हा मी अनेक चांगल्या डॉक्टरांच्या हातून झालेला घात पाहिलाय.

दाराबाहेरचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडं सांगतो. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढे गेला की, हात लुळा पडलेल्या माणसाला घरचे ‘ऊन लागलं’ म्हणतात. कांदा हुंगवतात, कैरीचं पन्हं पाजतात, कूलरपुढे निजवतात. वर आपण ‘स्ट्रोक’ म्हटलं की त्यांना उष्माघातच ऐकू येतो. म्हणून मी पत्रकात ‘लकवा’च लिहितो. त्या पन्ह्यात दुसरा धोकाही असतो: गिळता येत नसलेल्या माणसाच्या छातीत ते जातं. ऊन लागलेला माणूस सगळा मलूल होतो. अर्धाच गेला तर ते ऊन नाही, एवढं एक वाक्य तुमच्या भागातल्या आशाताईंना आणि औषध दुकानदारांना सांगितलंत तरी फरक पडेल.

भंडारा, उमरेड, काटोल, रामटेक, अगदी शिवनी-छिंदवाड्यापासून आपल्याकडे रुग्ण येतात. तिथल्या डॉक्टरांना तुमचा तो एक नंबर द्या. रुग्ण निघाला की त्यांनी फोन करायचा: वय, शेवटचं ठीक कधी, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत का, नातेवाईकाचा मोबाइल. १०८ ची अँब्युलन्स आली तर तिच्या डॉक्टरशी थेट बोला. भंडाऱ्याहून तासभर लागतो, त्या तासात तुमची अर्धी तयारी होते. गडचिरोलीच्या खेड्यांत मृत्यूचं पहिलं कारण स्ट्रोक आहे, सातातला एक मृत्यू त्याने होतो, असं तिथल्याच सर्च या आरोग्य संस्थेच्या पाहणीत २०१५ सालीच निघालं. तिथून नागपूर चार तासांवर. त्या रुग्णांसाठी साडेचार तासांची भाषा नागपुरात बसून बोलणं मला बरोबर वाटत नाही. इंजेक्शन तिथल्या जिल्हा रुग्णालयात, फोनवर न्यूरोलॉजिस्ट घेऊन दिलं गेलं पाहिजे. हिमाचलच्या डोंगराळ जिल्ह्यांत स्मार्टफोनवर स्कॅन पाठवून ते केलेलं आहे.

आणि आपल्याच वॉर्डातले रुग्ण. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी भरती असलेल्या आजींना तिसऱ्या मजल्यावर स्ट्रोक झाला तर त्यांना दारातून आलेल्यापेक्षा जास्त उशीर होतो. सिस्टर आधी ज्युनिअरला, ज्युनिअर सर्जनला, सर्जन फिजिशियनला विचारतो. तीच बेल वॉर्डातही वाजली पाहिजे, आणि ती दाबायला सिस्टरला कोणाची परवानगी लागता कामा नये.

मोजायचं कसं? सगळ्यात आधी घड्याळं जुळवा. आमच्याकडे कॅज्युअल्टीचं घड्याळ आणि सीटीच्या मशीनमधलं घड्याळ यात सात मिनिटांचा फरक निघाला. एका रुग्णाचा स्कॅन तो यायच्या आधीच झालेला दिसत होता. सरासरी धरू नका, एखादी २५० मिनिटांची केस ती बिघडवते; सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धरा, आणि रात्रीचे, रविवारचे वेगळे काढा. दर केसनंतर दोन दिवसांत बेलच्या पाचही जणांना वेळ कळवा, आणि रुग्णाचं पुढे काय झालं तेही. वॉचमनला आजवर कोणी कधी सांगितलेलं नसतं की त्याने आत पाठवलेला माणूस चालत घरी गेला. पहिलं लक्ष्य साठच्या आत ठेवा, मग पंचेचाळीस. वीसचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण पहिल्या महिन्यात ते भिंतीवर लावलंत तर लोक वह्यांत खोट्या वेळा लिहायला लागतील.

राहिलं ॲप. व्हिडिओ पाठवायला आणि वेळा टाकायला तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप सध्या पुरेल. रुग्णाचं नाव टाकू नका, वय आणि ट्रॉलीचा नंबर पुरे. आणि ज्या दिवशी त्यात पहिला ‘शुभ सकाळ’चा गुलाब येईल त्या दिवशी पाठवणाऱ्याला ग्रुपमधून काढा, मग तो ट्रस्टी का असेना, तसल्या गुलाबांमुळेच लोक ग्रुप म्यूट करतात, आणि मग रात्री तीनचा मेसेज सकाळी आठला वाचला जातो.